विश्लेषण : चांद्याच्या जंगलाचे कारभारी, निवृत्तीनंतर निसर्गचित्रकार… कोण होते सर रिचर्ड टेंपल?

महाराष्ट्राच्या इतिहासात सर रिचर्ड टेंपल हे नाव दोन कारणांनी येते. १८७७ च्या दुष्काळात मजुरांच्या तोंडचा घास कमी करणारा अधिकारी हे पहिले कारण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांनी ज्याच्या शिरावर इनाम लावले तो मुंबईचा गव्हर्नर, हे दुसरे. पण याच माणसाने वयाच्या ५४ व्या वर्षी हिंदुस्थान सोडल्यावर पुढची अनेक वर्षे निसर्गचित्रांत घालवली, स्वतःच्या चित्रांची पुस्तके काढली आणि सत्तरी ओलांडल्यावर हिंदुस्थानच्या निसर्गावर एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, हे फारसे सांगितले जात नाही. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे ज्या मध्य प्रांतात होते, त्या प्रांताची घडी बसवणारे मुख्य आयुक्तही तेच. डोंगर, नदी, जंगल यांच्यावर मनापासून प्रेम करणारी नजर आणि भुकेल्या माणसाचा पाव आणा वाचवणारी नजर एकाच माणसाची कशी, हा प्रश्न त्यांच्या चरित्रातून सुटत नाही, पण स्पष्ट मात्र होतो.

कोण होते टेंपल?

रिचर्ड टेंपल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजी इंग्लंडमधील वूस्टरशायर परगण्यात, केम्पसी येथे झाला. घराणे जमीनदारांचे. शिक्षण रग्बी शाळेत आणि नंतर ईस्ट इंडिया कंपनीचे मुलकी अधिकारी घडवणाऱ्या हेलीबरी कॉलेजात. विशीतच ते बंगाल सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली तयार झाले. लांबच लांब घोडदौड, रात्री उशिरापर्यंत अहवाललेखन आणि वरिष्ठांना काय हवे आहे याचा अचूक अंदाज, ही त्यांची तीन वैशिष्ट्ये. तिसरे वैशिष्ट्य पुढे अनेकांना महागात पडले.

मिशा भल्यामोठ्या, चेहरा व्यंगचित्रकारांना आयता मिळालेला. लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकाने १८८१ मध्ये त्यांचे व्यंगचित्र छापले, तेव्हा त्याखाली ‘बडा बंदोबस्तवाला’ अशी हिंदुस्थानी उपाधी रोमन लिपीत दिली होती. ती त्यांना चपखल बसत होती.

चांद्याशी संबंध कसा आला?

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले. त्यांना पुत्र नव्हता, म्हणून डलहौसीने राज्य खालसा केले आणि चांदा जिल्हा इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांत १८५७ चा उठाव झाला. चांद्याच्या जंगलात बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुणांना एकत्र करून झुंज दिली. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला त्यांना फाशी झाली. त्यानंतर तीन वर्षांनी, नोव्हेंबर १८६१ मध्ये, नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून मध्य प्रांत तयार झाला. १८६२ मध्ये टेंपल तिथे हंगामी मुख्य आयुक्त म्हणून आले आणि मधली रजा सोडता १८६७ पर्यंत प्रांत त्यांच्याच हाती राहिला.

त्या वेळचा चांदा म्हणजे चार दरवाजांचा गोंडकालीन परकोट आणि बाहेर पडले की दूरवर साग, बांबू, मोह. दिवाळीनंतर नद्या उतरत, तेव्हा साहेबांचा दौरा सुरू होई आणि शिमग्यानंतर ऊन तापले की संपे. पावसाळ्यात वैनगंगा आणि प्राणहिता ओलांडणे जिवावरचे काम. दक्षिणेकडचा सिरोंचाचा भाग निजामाकडून १८६० मध्ये इंग्रजांकडे आला होता आणि त्याचा ‘अप्पर गोदावरी’ नावाचा वेगळा जिल्हा होता. तो नंतर चांद्यात मिळाला. आजचा गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झाला, त्यात सिरोंचा आणि अहेरी दोन्ही आले.

टेंपल यांना सिरोंचाकडचा भाग महत्त्वाचा वाटला तो कापसामुळे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हा कापूस नावेत भरून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा, अशी योजना होती. मूळ कल्पना सर आर्थर कॉटन यांची. अडचण होती ती नदीपात्रातल्या तीन खडकाळ टप्प्यांची. खालचा दुम्मागुडेमला, मधला इंचमपल्लीला, वरचा अहेरीच्या बाजूला देवलमरीला. तिथे बंधारे आणि कालवे काढण्याचे काम सुरू झाले. टेंपल या योजनेचे खंदे पुरस्कर्ते होते. मात्र मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोहोचली आणि नदीमार्गाची गरजच उरली नाही. १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. गोदावरीत कापसाच्या नावांचे काफिले कधी दिसलेच नाहीत.

टेंपल यांच्या काळातली दुसरी नोंद ठेवण्यासारखी गोष्ट हिस्लॉप यांची. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप (त्यांच्या नावाचे कॉलेज आजही नागपुरात आहे) हे भूगर्भ, जीवाश्म आणि गोंड भाषा यांचे जाणकार. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहायला टेंपल यांच्यासोबत ते गेले होते. संध्याकाळी एकटे परतताना वाटेतल्या ओढ्याला आलेल्या पुरात ते बुडाले. त्यांनी गोळा केलेली कागदपत्रे टेंपल यांनी संपादित करून १८६६ मध्ये छापली. गोंडांच्या लिंगो देवाची दीर्घ गाथा त्यातून प्रथमच छापील स्वरूपात आली. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, हेही १८६३ चे, टेंपल यांच्याच कारकिर्दीतले.

जंगलाकडे त्यांनी कोणत्या नजरेने पाहिले?

रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर लागतात आणि स्लीपरला साग किंवा साल. १८६० च्या दशकात मध्य प्रांताच्या जंगलाचे सगळे धोरण या एका गरजेभोवती फिरत होते. कॅप्टन पिअर्सन यांच्याकडे वनखाते होते आणि कॅप्टन फोर्सिथ जंगलांची पाहणी करत होते. पचमढीचे पठार पाहायला फोर्सिथ यांना टेंपल यांनीच धाडले. त्या भटकंतीवरचे फोर्सिथ यांचे पुस्तक १८७१ मध्ये आले आणि मध्य भारताच्या जंगलावरचा तो आधारग्रंथ ठरला.

टेंपल यांनी १८६३ मध्ये प्रांतातल्या जमीनदाऱ्यांचा अहवाल लिहिला. कोणता संस्थानिक मांडलिक राजा मानायचा आणि कोणता साधा जमीनदार, याची वर्गवारी त्या अहवालाच्या आधारे झाली. अहेरीची जमीनदारी चांद्यातली सर्वांत मोठी, सागाने भरलेली, पण तिला जमीनदारीच ठेवण्यात आले. गावोगावच्या मालगुजारांना याच काळात जमिनीचे मालकी हक्क मिळाले. गावच्या झाडोऱ्यावर मालगुजाराचा ताबा आला आणि रयतेला जळण, वासे, काटेरी फांद्या आणण्यापुरता ‘निस्तार’ राहिला. हा शब्द चंद्रपूर-गडचिरोलीत आजही तलाठ्याच्या दप्तरात आणि ग्रामसभेच्या ठरावात भेटतो.

डोंगरातले लोक झाडे तोडून, जाळून, त्या राखेत पेरणी करत. भामरागडच्या माडिया मुलखात तिला पेंदा म्हणतात, बैगा मुलखात बेवर. टेंपल यांनी आपल्या लेखनात नोंदवले की, उत्तम इमारती लाकूड जिथे उगवते नेमकी तीच जमीन या शेतीला लागते. निरीक्षण बरोबर होते. या लोकांना एकदम हुसकू नये, हळूहळू नांगराकडे वळवावे असे त्यांचे धोरण होते, म्हणजे इतर अनेक अधिकाऱ्यांपेक्षा ते सौम्यच. पण ज्या क्षणी जंगल म्हणजे आधी लाकूड असे ठरले, त्या क्षणी तिथला माणूस अडथळा ठरला. पुढच्या शंभर वर्षांत कायदे बदलले, कंत्राटदार बदलले, हा हिशेब मात्र बराच काळ टिकला.

दौऱ्यावर रंगपेटी कशासाठी?

आज मोबाइल काढून फोटो घ्यावा तसे त्या काळी अधिकारी स्केच करत. कॅमेरा होता, पण तो म्हणजे तिवई, काचा, रसायने आणि काळोखा तंबू असा बैलगाडीभर संसार. त्यापेक्षा कागदाची वही आणि रंगपेटी खोगिराच्या पिशवीत मावायची. लष्करी अभियंत्यांना तर चित्रकला शिकवलीच जाई, कारण नदीचे वळण, खिंडीचा चढ, किल्ल्याची तटबंदी कागदावर उतरवणे हा कामाचा भाग होता.

उघड्यावर बसून रंगवणे सोपे झाले ते दोन साध्या शोधांमुळे. एक म्हणजे ओलसर जलरंगांच्या छोट्या वड्या. पूर्वीच्या कडक वड्या घासत बसाव्या लागत. दुसरा म्हणजे जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने १८४१ मध्ये काढलेली दुमडणारी धातूची नळी. त्याआधी तेलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून नेत आणि ती फुटली की सगळे सामान बरबटे. फ्रान्समधले निसर्गचित्रकार शेतात जाऊन बसू लागले त्यामागे ही नळी होती आणि हिंदुस्थानातल्या साहेबाच्या तंबूतही तीच पोहोचली.

आपल्याकडच्या उन्हाचे गणित मात्र वेगळे. विलायतेत जलरंगाचा हात कागदावर बराच वेळ ओला राहतो, आकाश सावकाश रंगवता येते. चांद्याच्या मार्चात तोच हात दुसरा ब्रश उचलेपर्यंत वाळतो आणि मध्ये रेघ उमटते. दहानंतर उजेड इतका पांढरा होतो की सावल्यांचे रंगच दिसत नाहीत. म्हणून चित्र काढायचे ते सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. साग आणि बांबूचे जंगल फाल्गुनात निष्पर्ण होते, मागे पळसाचा लाल-केशरी रंग उरतो. इंग्लंडच्या हिरव्या रंगांवर पोसलेल्या पेटीत त्यासाठी रंग शोधावा लागे.

मध्य प्रांतात असे हाती ब्रश धरणारे आणखीही होते. रॉबर्ट स्टर्नडेल यांनी सातपुड्यातल्या भटकंतीवर ‘सिवनी’ हे पुस्तक १८७७ मध्ये लिहिले, किपलिंगच्या ‘जंगल बुक’ला त्याचा उपयोग झाला. पुढे १८८४ मध्ये हिंदुस्थानातल्या सस्तन प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथासाठी त्यांनी चित्रेही स्वतः काढली. स्टर्नडेल प्राणी पाहत, टेंपल देखावा. टेंपल यांना दरी, सरोवर, हिमशिखर, किल्ला असे मोठे, दूरवरचे दृश्य हवे असे. हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम, नेपाळ, जिथे जिथे नोकरीने नेले तिथल्या रोजनिशीसोबत त्यांची रेखाटने जमा होत गेली.

एक रत्तल धान्य म्हणजे काय?

टेंपल यांच्या आयुष्यातला हा भाग वगळून त्यांची चित्रे पाहता येत नाहीत.

१८७३-७४ मध्ये बिहार आणि उत्तर बंगालात पीक बुडाले. मदतीची सूत्रे टेंपल यांच्याकडे आली. त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, आगगाड्या, बैल, खेचरे लावून तो गावोगाव पोहोचवला आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश अमलातली ही सर्वांत यशस्वी दुष्काळी मदत मानली जाते. पण खर्च झाला सहा कोटी रुपयांहून अधिक. लंडनच्या वर्तमानपत्रांनी झोडपले. वाचवलेल्या जिवांचे कौतुक करण्याऐवजी उधळपट्टीचा ठपका आला. कारकिर्दीत पुढे जायचे तर ही प्रतिमा पुसायला हवी, हे टेंपल यांनी ओळखले.

संधी लगेच आली. १८७६ च्या पावसाने दख्खन आणि मद्रास इलाख्यात दगा दिला. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत राणीला कैसर-ए-हिंद जाहीर करणारा दरबार थाटात भरला आणि त्याच महिन्यात व्हाइसरॉय लिटन यांनी टेंपल यांना दुष्काळी भागात पाठवले. काम एकच होते, खर्च आवरणे. टेंपल यांनी सरकारी कामावरच्या मजुराची रोजची मजुरी एक रत्तल धान्य आणि वर थोडी रोकड इतकी खाली आणली. रत्तल म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. आधी दीड रत्तल मिळत असे. दिवसभर खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला हे पुरेल, असा त्यांचा दावा होता. इतिहासात ही मजुरी ‘टेंपल वेज’ या नावाने ओळखली जाते.

मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. अशा आहारावर कष्ट करणारा माणूस हळूहळू मरतो, हे त्यांनी वैद्यकीय आधारावर मांडले. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामावर बहिष्कार टाकला, हजारो लोक कामे सोडून निघून गेले. पुण्याची सार्वजनिक सभा आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूने उभे राहिले. सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांच्या जेवणाची सोय केली. मद्रास सरकारला काही महिन्यांत मजुरी वाढवावी लागली, पण तोवर उशीर झाला होता. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिण आणि पश्चिम हिंदुस्थानात ५० लाखांहून अधिक माणसे गेली, असे अंदाज सांगतात. सगळे काही एका रत्तलामुळे गेले नाहीत. साथी होत्या, पाणी नव्हते, धान्याची निर्यात चालूच होती. तरीही ज्या अधिकाऱ्याने तीन वर्षांपूर्वी लोक वाचवून दाखवले होते, त्यानेच हे केले. त्याला कसे वाचवायचे हे माहीत होते, म्हणून हा दोष इतरांपेक्षा जड.

गव्हर्नरच्या शिरावर इनाम

काटकसरीबद्दल बक्षीस मिळाले. मे १८७७ मध्ये टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले. दुष्काळाने पोळलेल्या दख्खनमध्ये वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी आणि इतर साथीदारांना घेऊन १८७९ च्या आरंभी बंड पुकारले. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्यास इनाम जाहीर केले, तेव्हा फडक्यांनी उलट जाहीरनामा काढून गव्हर्नरच्या शिरावर इनाम लावले. तो गव्हर्नर म्हणजे टेंपल. जुलै १८७९ मध्ये फडके पकडले गेले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. शेतकरी कर्जबाजारीपणावरचा दख्खन कृषक कायदाही १८७९ चाच. चांद्याकडे याच वर्षी ताडोबाचे जंगल राखीव झाले, अर्थात टेंपल तेव्हा तिकडचे कारभारी नव्हते.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

१८८० च्या मार्चमध्ये टेंपल यांनी मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. इंग्लंडमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती आणि त्यांना पार्लमेंटमध्ये जायचे होते. घाईघाईने पोहोचले आणि हरले. तेहतीस वर्षे माणसांना हुकूम देणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच मतदाराने नाही म्हटले.

पार्लमेंटची जागा मिळाली ती पाच वर्षांनी, १८८५ मध्ये. मधली वर्षे त्यांची खरी मोकळी वर्षे. पुस्तके लिहिली, कॅनडात मॉन्ट्रिअलला १८८४ च्या विज्ञान परिषदेत अर्थशास्त्र विभागाचे अध्यक्षपद भूषवले, भूगोल मंडळात सिक्कीमच्या सरोवरांवर निबंध वाचला. आणि चित्रे. नोकरीत असताना स्केच म्हणजे दौऱ्यातल्या तासाभराची चोरी. आता बसायला वेळ होता, पण समोर हिमालय नव्हता. निवृत्त अधिकाऱ्यांच्या वाट्याला येणारी ही नेहमीची विसंगती. टेंपल यांनी त्यावर दोन मार्ग काढले. जुन्या वह्या पुन्हा उघडल्या आणि नवे प्रदेश पाहायला निघाले.

पहिल्या मार्गातून १८८७ मध्ये हैदराबाद, काश्मीर, सिक्कीम आणि नेपाळच्या रोजनिशींचे दोन खंड आले. संपादन मुलाने केले, चित्रे वडिलांच्या रेखाटनांवरून. हा मुलगा रिचर्ड कारनॅक टेंपल, पंजाबच्या लोककथा जमवणारा म्हणून अभ्यासकांना परिचित. दुसऱ्या मार्गातून पॅलेस्टाइनचा प्रवास घडला. जेरुसलेम, जॉर्डनची दरी, गॅलिलीचे सरोवर हे प्रत्येक धार्मिक इंग्रज घरात बायबलमुळे ठाऊक. तिथल्या चित्रांचे पुस्तक १८८८ मध्ये निघाले, त्यात त्यांच्याच रंगचित्रांचे रंगीत छापे होते.

हे छापे क्रोमोलिथोग्राफी पद्धतीचे. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा आणि एकाच कागदावर एकामागून एक ठसे उमटवायचे. दगड किंचित सरकला तरी डोंगराची कड दुहेरी होते. मराठी वाचकाला हे तंत्र राजा रविवर्मा यांच्या छापखान्यामुळे ओळखीचे आहे. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला आणि तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघरी गेली, ती याच कुळातली.

पार्लमेंटमध्ये टेंपल दहा वर्षे होते आणि लंडनच्या स्कूल बोर्डाचे उपाध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. सभागृहात ते वक्ते म्हणून फारसे चमकले नाहीत. हिंदुस्थानात ज्याचा शब्द म्हणजे हुकूम होता, त्याचे भाषण सुरू झाले की सभासद उठून जात, अशी त्यांची ख्याती. त्यांनी मात्र हजेरी कधी चुकवली नाही. रोज रात्री सभागृहातल्या माणसांची शब्दचित्रे लिहून ठेवली. ती त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि आजही वाचनीय आहेत. हात रिकामा ठेवायचा नाही, ही जुनी सवय.

१८९५ मध्ये राजकारणही संपले. १८९६ मध्ये दोन खंडांचे आत्मचरित्र आले. त्यानंतर १८९८ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, हिंदुस्थानच्या निसर्गसौंदर्याचे विहंगावलोकन करणारे पुस्तक त्यांनी स्वतःच्या चित्रांसह प्रसिद्ध केले. हिंदुस्थान सोडून १८ वर्षे झाली होती. वह्यांवरून आणि आठवणीवरून हा देश पुन्हा रंगवायचा होता. तोवर छायाचित्रे सर्रास मिळत होती, ते ती वापरू शकले असते. त्यांनी हाताने काढलेली चित्रेच दिली.

चित्रांचे मोल किती?

कलेच्या इतिहासात टेंपल यांचे नाव मोठ्या चित्रकारांत येत नाही आणि यायचे कारणही नाही. आयुष्यभर रंगवणाऱ्या एडवर्ड लिअरसारख्या चित्रकाराशी त्यांची तुलना होणार नाही. पण हौशी माणसाकडे असलेली एक ताकद त्यांच्याकडे होती. एखादे ठिकाण कोणत्या टेकडीवरून, कोणत्या वेळी पाहावे हे त्यांना नेमके कळत असे. ते सर्वेक्षण आणि वसुलीच्या दौऱ्यांतून आले होते. नदी कुठून दिसते, जंगल कुठे संपते, किल्ल्याचा बुरूज कुठल्या बाजूने उघडा आहे, हेच त्यांनी तीस वर्षे पाहिले.

मर्यादाही तिथेच आहे. त्यांच्या शेवटच्या चित्रग्रंथाच्या नावातच पक्ष्याच्या उंचीवरून पाहणे आहे. तेवढ्या उंचीवरून डोंगररांगा सुरेख दिसतात, खडीच्या ढिगावर बसलेल्या माणसाच्या बरगड्या दिसत नाहीत. आत्मचरित्रात दुष्काळाच्या कामाचे समर्थन आहे, पश्चात्ताप नाही.

उतारवयात ब्रश धरणाऱ्यांची उदाहरणे आपल्याला आवडतात. रवींद्रनाथ टागोर साठीनंतर चित्रांकडे वळले आणि १९३० मध्ये पॅरिसला त्यांचे पहिले प्रदर्शन भरले. विन्स्टन चर्चिल यांनी १९१५ मध्ये, चाळिशीत, सत्तेबाहेर फेकले गेल्यावर उघड्यावर बसून तेलरंग वापरायला सुरुवात केली. चर्चिल यांची गोष्ट टेंपल यांच्या अधिक जवळची. तिथेही निसर्गचित्रे प्रसन्न आहेत आणि तिथेही नंतरच्या काळात बंगालचा एक दुष्काळ आहे.

चांद्यात आज काय उरले?

टेंपल यांचा मृत्यू १५ मार्च १९०२ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या घरी झाला. त्यांची खासगी कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पुस्तकांचा कॉपीराइट कधीच संपला असून १८९८ च्या चित्रग्रंथासह बरीचशी पुस्तके डिजिटल ग्रंथालयांत मोबाइलवरही पाहता येतात.

ज्या प्रांताची घडी त्यांनी घातली तो प्रांत राहिला नाही. चांद्याचे चंद्रपूर झाले. मालगुजारी स्वातंत्र्यानंतर रद्द झाली, तिची आठवण म्हणून पूर्व विदर्भात मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हा शब्द राहिला. इंचमपल्लीचे नाव अजूनही गोदावरीवरच्या नव्या धरणांच्या चर्चेत येत असते. निस्ताराचे काय झाले, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात दिसते. वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तिथला बांबू कधी तोडायचा आणि कोणाला विकायचा, हे आता ग्रामसभा ठरवते.